दम

आबिलिओ सिलिंडरमध्ये हवा भरतो.
कंप्रेसरचा पट्टा तिसऱ्यांदा तुटला
म्हणून सायकलच्या ट्यूबने बांधलाय,
आणि काटा दोनशेवर जाईपर्यंत
आबिलिओ त्याच्यावर पाय रोवून बसतो,
आडमुठ्या रेड्यावर बसावं तसा.
‘आम्ही हवेचे पैसे घेतो
हे आईला अजून खरं वाटत नाही,’ म्हणतो.

आताउरो बेटावर या समुद्राला बाई म्हणतात.
पलीकडे, तिमोरच्या दक्षिणेला, पुरुष-समुद्र आहे,
तो होड्या फोडतो.
इकडची ही सकाळी सातलाच कोमट.
ती कुठे संपते नि आपण कुठे सुरू होतो
पटकन सांगता येत नाही.

पट्टे आवळताना त्याने नियम पुन्हा सांगितला:
खाली काहीही होवो, श्वास रोखायचा नाही.
घेत राहा, सोडत राहा.
मी मान डोलावली.
मला तर जन्मभर उलटंच सांगितलं गेलंय.
दम धर.
निकाल लागेपर्यंत, नोकरी कायम होईपर्यंत,
आतला डॉक्टर बाहेर येईपर्यंत
दम धर.

बारा मीटर.
कड्याला लागून जांभळे पंखे,
मेंदूच्या वळ्यांची पोवळी, सांबरशिंगांची पोवळी,
आणि एक पोपटमासा ती कुरतडतोय.
आवाज स्पष्ट येतो,
शेजारच्या खोलीत कुणी खडीसाखर फोडतंय असा.
खाल्लेलं सगळं पांढरी वाळू होऊन
त्याच्या मागून पडतं.
वर त्याच वाळूवर लोक फोटो काढतात.

माझ्या बोटात मंगळाचं पोवळं,
सव्वासहा रती, लग्न जमेना म्हणून आत्याने घातलेलं.
इथल्यांशी त्याचं लांबचं नातं असेल, नसेल.
मी मूठ मिटून घेतली,
आमंत्रण नसलेल्या जेवणावळीत शिरल्यासारखी.

मग वरून सावली आली.
आधी कासव वाटलं.
फुलाफुलांचा स्कर्ट पाण्यात उघडला, मिटला.
पाठीवर काही नाही, तोंडात काही नाही,
डोळ्यांवर लाकूड कोरून केलेला चष्मा,
हातात सळईचा भाला.
फेलिस्मिना. आबिलिओची आई. साठीची तरी असेल.
माझ्या बुडबुड्यांच्या माळेतून ती आरपार गेली
आणि कपारीपाशी थांबली.

मी मोजू लागले.
वीस. माझे चार श्वास झाले.
चाळीस.
साठ. तिचा हात अजून कपारीत,
बटव्यात सुटे पैसे शोधावेत तसा.
सत्तर. ऐंशी.
काय झालं मला कळलं नाही,
जादाची नळी सोडवून मी तिच्यापुढे धरली.

तिने बघितलं.
पुरे, वाढू नकोस, म्हणून
ताटावर हात आडवा धरतात
तसा हात धरला,
ऑक्टोपस मनगटाला गुंडाळून घेतला
आणि उजेडाकडे निघून गेली.
मी खालीच, भरपूर हवा असलेली.

‘घेतली असती तर मेली असती,’
होडीत आबिलिओ म्हणाला, अगदी सहज.
‘खालची हवा छातीत भरून
सवयीने दम धरून वर आली असती.
वर येता येता हवा फुगते.
छाती फाटते.’
मी अंगठी गरगर फिरवत राहिले.
ओल्या बोटावरून ती निघत नव्हती.

संध्याकाळी तिच्या दाराशी गेले,
माफी मागायची होती, की आणखी काही.
तिनेच आधी विचारलं, मुलाकरवी:
तुम्ही एवढा वेळ खाली करता काय?
‘बघतो,’ मी म्हटलं.
तिने थोडी वाट पाहिली.
पुढे काहीतरी असेल असं तिला वाटलं असावं.

मग ‘बरं’ म्हणाली
आणि ऑक्टोपस मऊ व्हावा म्हणून
दगडावर आपटू लागली,
एकेका फटक्याला श्वास सोडत.